टर्नटेबल कशावर ठेवलंय ते आधी बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत रेकॉर्ड्सचे दिवस परत आलेत असा लेख आला होता. छान होता, तरुण पोरं जुन्या तबकड्या शोधत चोरबाजारात फिरतायत हे वाचून मनापासून बरं वाटलं. पण शेवटी नवीन टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड प्लेयर, घेणाऱ्यांना जो सल्ला दिलाय त्यात एक वाक्य होतं, की प्लेयर घरातल्या शोकेसवर, स्पीकरच्या शेजारी कुठेही मस्त बसतो, आणि पुढे अर्धा कॉलम कार्ट्रिज, म्हणजे सुई बसते तो छोटा भाग, कुठलं घ्यावं यावर. ते एक वाक्य वाचून मला राहवलं नाही. कारण गेल्या काही वर्षांत माझ्याकडे जेवढे लोक "काका, रेकॉर्ड खराब आहे का बघा ना, आवाज घुमतो" असं म्हणत आले त्यातल्या बऱ्याच जणांची रेकॉर्ड चांगली होती, सुई चांगली होती, अँप्लिफायर (अँप) चांगला होता, फक्त प्लेयर चुकीच्या जागी चुकीच्या पायांवर उभा होता. आणि आजोबांच्या तबकड्या खराब झाल्या असं समजून लोक त्या रद्दीत देतात हो, ह्याचं मला फार वाईट वाटतं.

मूळ गोष्ट अशी आहे की सुईला फक्त एवढंच कळतं की आपण खाचेत बसलोय आणि खाच हलतेय. ती खाच गाण्यामुळे हलली, का शेजारच्या खोलीत कोणी धपकन दार लावलं म्हणून अख्खा प्लेयर हलला, हे ओळखायचा तिच्याकडे काही मार्ग नाही. कार्ट्रिज दोन्ही गोष्टींचा सारखाच करंट बनवतं आणि अँपकडे पाठवून देतं. आता हे हलणं किती बारीक असतं ते बघा. टेस्ट रेकॉर्डवर १ किलोहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला हजार कंपनांचा, ठरलेला मोठा स्वर असतो, सेकंदाला ५ सेंटिमीटर वेगाचा, त्याला सुई मध्यापासून जेमतेम ८ मायक्रॉन हलते, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. हा मोठा आवाज झाला, गवई श्वास घेतो, तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा तो झणझणता गुंजारव, मागे नुसती दरवळत असते, ते सगळं याच्या शेकडो पटीनं, कधी हजार पटीनं बारीक. मग ज्या शोकेसवर प्लेयर ठेवलाय ते शोकेस एक मायक्रॉन हललं तरी सुईच्या दृष्टीनं तो भूकंपच आहे.

त्यात अजून एक भानगड. रेकॉर्ड कापताना बेस, म्हणजे खालचे स्वर, मुद्दाम कमी करून कापतात, नाहीतर खाचा इतक्या रुंद होतील की एका बाजूला पुरेसं गाणंच मावणार नाही, आणि वाजवताना अँपचा फोनो भाग, म्हणजे खास रेकॉर्डसाठीचा भाग, तो बेस परत वाढवून देतो. ह्याचं आरआयएए नावाचं ठरलेलं माप आहे, १९५४ पासूनचं. त्या मापानं १ किलोहर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झ जवळजवळ नऊपट मोठा होतो. गाण्यासाठी हे बरोबरच आहे, पण जमिनीचे, फ्रीजचे, रस्त्यावरच्या ट्रकचे जे हादरे येतात ते नेमके ह्याच खालच्या पट्टीत असतात, म्हणजे आपण घरातला हादरा घेतो आणि त्याला नऊपट करून स्पीकरला देतो. वूफरची, म्हणजे खालचे स्वर काढणाऱ्या मोठ्या स्पीकरची, जाळी काढून बघा एकदा, गाणं सुरू असताना त्याचा पडदा (कोन) जर आवाजाशी संबंध नसल्यासारखा सावकाश आत-बाहेर फडफडत असेल तर ते गाणं नाहीये. तबकडी वाकडी असली तरी तसं होतं, पण तबकडी सपाट असून होत असेल तर खाली बघा.

आणि आता तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, आणि कार्ट्रिज मिळून एक झोपाळा असतो. आर्मचं वजन आणि सुईच्या मुळाशी असलेल्या रबराचा लवचिकपणा, ह्या दोघांचा मिळून एक स्वतःचा झोका असतो, चांगल्या जोडीत तो सेकंदाला ८ ते १२ वेळा, म्हणजे ८ ते १२ हर्ट्झवर ठेवतात. का, तर त्याच्या खाली वाकड्या तबकड्यांचे हेलकावे असतात आणि वर गाणं सुरू होतं, मधली ही एक मोकळी गल्ली. आता झोपाळ्याला बरोबर वेळेवर एक बोट लावलं तरी तो मोठा झोका घेतो हे आपल्याकडे लहान पोराला पण माहीत असतं. आणि लाकडी जमिनीवर माणूस चालला की ती जमीन साधारण १० हर्ट्झच्या आगेमागेच थरथरते. म्हणजे जमीन नेमकी त्या झोपाळ्याला झोका देते. सुई उडाली तर निदान कळतं तरी, पण बऱ्याचदा ती उडत नाही, नुसती खाचेत डुलत राहते आणि त्या डुलण्यानं वरचे स्वर पण किंचित हलतात. तानपुरा नीट लागलेला नाही असं वाटायला लागतं.

मी हे पुस्तकात वाचून बोलत नाहीये, मी शनिवार पेठेत वाड्यात पहिल्या मजल्यावर राहिलोय, कडीपाटाची जमीन. तुळया, त्यावर पाट, त्यावर मातीचा थर. चालताना आपल्याला काही वाटायचं नाही, पण आईनं स्वयंपाकघरातून पाण्याचा तांब्या घेऊन पुढच्या खोलीत यायला सुरुवात केली की कोपऱ्यातल्या कपाटाची काच किणकिणायची, ती कुठपर्यंत आली ते काचेवरून कळायचं. त्या घरात मी पहिल्या पगारातून साठवून साठवून एक चांगला टर्नटेबल आणला, सेकंडहँड, आणि आणल्या दिवशी संध्याकाळी किशोरीताई आमोणकरांची एलपी लावली आणि तिच्यात एक घुमणारा घोंगावणारा आवाज, डग्ग्याची प्रत्येक थाप ओल्या पोत्यावर पडल्यासारखी. मी सुई बदलली. मग कार्ट्रिज बदललं, त्या वेळच्या माझ्या दीड महिन्याचा पगार गेला त्यात. काही फरक नाही. शेवटी कंटाळून प्लेयर खिडकीच्या जाड भिंतीतल्या कोनाड्यात ठेवला, जागा नव्हती म्हणून, बाकी काही विचार करून नाही. आणि त्या रात्री तीच एलपी लावली तर मी तसाच उभा राहिलो हो. मागचा तानपुरा वेगळा ऐकू यायला लागला, तारा मोजता येतील असा. दोन फूट जाडीची विटामातीची भिंत, तिला आईच्या चालण्याचा पत्ताच नव्हता. सुई, कार्ट्रिज, अँप सगळं तेच.

लोक विचारतात की मग पूर्वी घराघरात पेटीवाले छोटे प्लेयर असायचे, त्यांचा तर स्पीकर पण त्याच पेटीत असायचा, ते कसे वाजायचे? बरोबर प्रश्न आहे. ते वाजायचे कारण त्यांच्या छोट्या स्पीकरला खालचा बेस निघायचाच नाही, जो आवाज बाहेर येतच नाही तो परत सुईत कसा शिरणार, आणि त्यातलं क्रिस्टल किंवा सिरॅमिक कार्ट्रिज पाच पाच ग्रॅम वजनानं खाचेत घट्ट दाबून बसलेलं असायचं. आताची सुई दोन ग्रॅमच्या आसपास बसते, खाचेतलं बारीकसारीक सगळं उचलते, आणि समोर मोठे वूफर. म्हणून आजोबांचा प्लेयर टेबलावर चालायचा तर माझा का नाही, असं म्हणून चालत नाही.

प्लेयरचे पाय कुठले असावेत हे सांगायच्या आधी प्लेयर कुठल्या जातीचा आहे ते बघायला लागतं, आणि इथेच दुकानदार सगळ्यांना एकाच मापाचा सल्ला देतात. एक जात स्प्रिंगवाली. अमेरिकेत अकूस्टिक रिसर्च कंपनीच्या एडगर विल्चर यांनी १९६१ मध्ये असा प्लेयर काढला की प्लॅटर, म्हणजे तबकडी फिरते ती थाळी, आणि आर्म दोन्ही एकाच पट्टीवर बसवले आणि ती अख्खी पट्टी तीन स्प्रिंगांवर तरंगत ठेवली, मोटर मात्र बाहेरच्या पेटीला. आपल्या शिंक्यासारखं, घरात काही का होईना, शिंक्यातलं दूध हलत नाही. प्लॅटर आणि आर्म एकत्र हलले तर सुई आणि खाच यांच्यात फरकच पडत नाही, ही त्यातली खरी हुशारी. पुढे थोरेन्स कंपनीनं टीडी १५० आणि टीडी १६० असेच काढले, स्कॉटलंडच्या लिन कंपनीचा एलपी१२ पण त्याच घराण्यातला. दुसरी जात ठोकळ्यासारखी घट्ट, आत स्प्रिंग नाही, जे काय करायचं ते वजन आणि पाय करणार. टेक्निक्सचा एसएल-१२०० त्यातला, १९७२ चा, आणि त्याचा १९७९ मधला एमके२ तर साडेबारा किलोचा, खाली जाड रबराचा थर आणि फिरवून उंची बदलता येणारे पाय. जगभरच्या क्लबमधे डीजे लोकांनी तो धरून ठेवला ते उगाच नाही, समोर भिंतीएवढे स्पीकर असताना सुई जागेवर ठेवायची असेल तर असंच काहीतरी लागतं. आणि तिसरं म्हणजे रेगा कंपनीच्या प्लेयरसारखे हलके पण ताठ प्लेयर, तीनच पाय, रबराचे.

तीन पाय ही मला फार आवडणारी गोष्ट आहे. आपल्या चुलीला तीनच दगड असतात ना? तीन टेकू कुठल्याही जमिनीवर बसतात, चौथा आला की एक कुठलातरी अधांतरी राहतो आणि भांडं डुगडुगतं. चार पायांचा प्लेयर असेल तर एक एक कोपरा हलक्या हातानं दाबून बघा, कुठलाही कोपरा किंचित जरी हलला तर पाय फिरवून तो बसवा. आणि लेव्हल बघायची ती टेबलाची नाही, प्लॅटरची. गवंड्याकडची छोटी पाणसळ मिळते ती प्लॅटरवर आधी एका दिशेनं आणि मग आडवी ठेवून बघा. प्लॅटर कलता असेल तर आर्म एका बाजूला घसरायला बघतो, खाचेच्या एका भिंतीवर जास्त दाब येतो, डावा-उजवा आवाज सारखा लागत नाही.

आता मऊ पाय आणि स्प्रिंगा. इथे थोडं गणित आहे पण ते करण्यासारखं आहे, कारण त्यानं पैसे वाचतात. स्प्रिंग वजनाखाली किती दबते त्यावर ती किती हर्ट्झवर डोलेल ते ठरतं. १ सेंटिमीटर दबली तर साधारण ५ हर्ट्झ. अडीच सेंटिमीटर दबली तर ३ च्या जरा वर. आणि फक्त २ मिलिमीटर दबली तर ११ हर्ट्झ. स्प्रिंग हादरे अडवते ते तिच्या स्वतःच्या आकड्याच्या साधारण दीडपट वर गेल्यावर, हादरा त्या आकड्याच्या बराच खाली असेल तर तो जसाच्या तसा जातो आणि नेमक्या त्या आकड्यावर असेल तर ती हादरा उलट वाढवते. आता परत ते आर्मचे ८ ते १२ हर्ट्झ आठवा. म्हणजे जो पाय प्लेयरच्या वजनानं दोनच मिलिमीटर दबतो तो बरोबर आर्मच्या झोपाळ्यावर जाऊन बसतो आणि पाय नसते तर बरं झालं असतं अशी वेळ येते.

माझ्या पुतण्याचं हेच झालं. पिंपळे सौदागरला राहतो, नवव्या मजल्यावर. प्लेयर हलका, पाच साडेपाच किलोचा, आणि कोणा दुकानदारानं त्याला चार स्प्रिंगचे पाय दिले, चांगले नऊ हजार घेतले. ते पाय होते पंधरा-वीस किलोच्या प्लेयरसाठी. त्याच्या हलक्या प्लेयरखाली ते दबलेच नाहीत, पट्टी लावून बघितलं तर दीड मिलिमीटर. तो मला म्हणाला काका आवाज आधीपेक्षा पातळ पण झालाय आणि घुमतो पण, असं कसं? असंच होणार. त्यात मोटर डावीकडे, म्हणजे डावी बाजू जड, चारी स्प्रिंगा सारख्या, म्हणून प्लेयर डावीकडे झुकलेला. दुकानदाराला वजन विचारायचं सुचलंच नव्हतं. मला ह्या गोष्टीचा राग येतो, पैशाचा नाही तेवढा, पोरगं दोन महिने स्वतःच्या कानावर शंका घेत बसलं ह्याचा.

रबराबद्दल एक सांगतो, रबर हळू दाबलं तर जेवढं मऊ वाटतं तेवढं ते थरथरताना मऊ राहत नाही, जास्त कडक वागतं, त्यामुळे वरचा हिशेब रबराला लावाल तेव्हा खरा आकडा थोडा वरच धरायचा. आणि रबर म्हातारं होतं. जुना प्लेयर घेतलात तर पायाचं रबर नखानं दाबून बघा, नख रुतत नसेल तर तो आता लाकडाचा पाय झालाय, बदला. पंचवीस-तीस वर्षं माळ्यावर पडलेल्या प्लेयरचं रबर एकतर दगड झालेलं असतं नाहीतर चिकट डांबर.

मला नेहमी तबल्याची चुंबळ आठवते. तबला जमिनीवर नुसता ठेवून कोणी वाजवत नाही, खाली कापडाची चुंबळ असते, ती तबल्याला सरकू देत नाही, नीट कलता धरते आणि जमिनीपासून सोडवते पण. आणि चुंबळ तबल्याच्या मापाची लागते, डग्ग्याची तबल्याला चालत नाही. पायांचं अगदी हेच आहे.

मग काय करावं? सिमेंटच्या फ्लॅटमधे, स्लॅबवर, ठोकळ्यासारखा प्लेयर असेल तर मी सांगतो तो उपाय स्वस्त आहे आणि बऱ्याच जणांकडे चाललाय. फरशीवाल्याकडे किचनच्या ओट्याचे कडप्प्याचे उरलेले तुकडे पडलेले असतात, दीड फूट बाय सव्वा फूट, इंचभर जाड असा तुकडा मागा, कडा घासून घ्या, साधारण बारा किलो भरतो. पण नुसता कडप्पा टेबलावर ठेवू नका, बोटानं टिचकी मारा, ठण्ण वाजतो, म्हणजे तो पण गाणार. त्याच्याखाली काहीतरी मऊ पाहिजे. स्क्वॅशचे चेंडू अर्धे कापून उपडे ठेवतात लोक, ते चांगले आहेत, किंवा सायकलची छोट्या चाकाची ट्यूब अगदी कमी हवा भरून, दगड टेबलापासून जेमतेम उचलला जाईल एवढीच. दगडाचं वजन इथे दोन कामं करतं, स्वतः सहजासहजी हलत नाही आणि खालच्या मऊ गोष्टीला पुरेशी दाबतो, म्हणजे वर सांगितलेला आकडा खाली येतो. हलक्या प्लेयरला हाच तर प्रॉब्लेम असतो ना, त्याच्याकडे दाबायला वजनच नसतं. पुतण्याच्या घरी आम्ही हेच केलं. ट्यूबला महिन्या-पंधरा दिवसांनी थोडी हवा मारायला लागते आणि परत लेव्हल बघायला लागते हे खरं आहे, ज्याला ते नको त्यानं चेंडू वापरावेत.

स्प्रिंगवाला प्लेयर असेल तर मात्र हे करू नका. आत आधीच ३-४ हर्ट्झवर डोलणारी स्प्रिंग आहे, खाली अजून एक मऊ थर दिलात की दोन झोपाळे एकमेकांना बांधल्यासारखं होतं. अशा प्लेयरला हलकं पण ताठ टेबल लागतं, पाय न डुगडुगणारं. आणि कडीपाटाच्या किंवा कुठल्याही लवणाऱ्या जमिनीवर तर स्प्रिंगवाला प्लेयर सगळ्यात जास्त त्रास देतो, कारण माणूस सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो आणि पावलांचा हा ठेका त्या स्प्रिंगच्या आकड्याच्या जवळ जातो. तिथे उपाय एकच, भिंतीवर शेल्फ. माझा कोनाडा.

माझी मुलगी न्यू जर्सीला असते, तिथली घरं लाकडाची, वरून सुंदर पण खालून आमच्या वाड्यासारखीच जमीन. तिनं माझा जुना थोरेन्स नेला आणि महिन्याभरात फोन, बाबा, आर्यन पळत आला की सुई उड्या मारते, त्याला ओरडावं लागतं. मी म्हटलं अगं त्याला कशाला ओरडतेस, पाच वर्षांचा आहे तो, भिंतीवर फळी ठोक. तिकडच्या आतल्या भिंती पोकळ असतात, नुसत्या बोर्डाच्या, त्यामुळे आतले उभे लाकडी खांब शोधून, ते बहुतेक सोळा इंचांवर असतात, त्यात स्क्रू मारायला लागले, जावयानं केलं ते. आता नातू पळतो पण आणि रेकॉर्ड वाजते पण. आपल्याकडच्या विटेच्या भिंतीला एवढा त्रास नाही, फक्त चार इंची पार्टिशनच्या भिंतीवर आणि ज्या भिंतीच्या पलीकडे वॉशिंग मशीन आहे तिच्यावर लावू नका.

घरच्या घरी तपासायची एक सोपी पद्धत आहे. प्लॅटर बंद ठेवा, फिरवू नका, तबकडीवर सुई टेकवा, व्हॉल्यूम अगदी कमीपासून हळूहळू थोडा वाढवा, नेहमी ऐकता त्याच्या पुढे नको, हात बटणावरच ठेवा कारण घू-घू सुरू झालं तर लगेच कमी करायला लागतं, स्पीकर जाऊ शकतो. आता प्लेयरच्या शेजारी टेबलावर बोटानं टकटक करा. स्पीकरमधून जे ऐकू येतं तेच तुमच्या प्रत्येक गाण्यात मिसळतंय. मग कोणाला तरी खोलीत चालायला सांगा. मग पाय बदलून, दगड ठेवून, जागा बदलून परत तेच करा. टकटक कमी ऐकू आली की तुम्ही बरोबर दिशेनं चाललाय. मोबाइलवर फायफॉक्स नावाचं जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं फुकट ॲप आहे, फोन शेल्फवर ठेवून पाय आपटलात तर हादरे किती हर्ट्झचे आहेत ते आलेखात दिसतं. माझ्या पुतण्यानं मला दाखवलं, तेव्हापासून मी कोणाकडे गेलो की आधी फोन शेल्फवर ठेवतो.

स्पीकर आणि प्लेयर एका शोकेसवर हे तर कृपा करून कोणीच करू नका. वूफर शोकेस हलवतो, शोकेस सुई हलवतं, सुई परत वूफर हलवते, असं ते चक्र फिरत राहतं. आवाज मोठा असेल तर सरळ हंबरडा फुटतो, पण लहान आवाजात सुद्धा ते चालूच असतं, प्लायवूडच्या फळीचा स्वतःचा जो सूर असेल तो प्रत्येक गाण्याला चिकटतो. पुरुष गवई काळी एकमधे, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात, गात असेल तर तानपुऱ्याचा खर्ज सत्तर हर्ट्झच्या आसपास येतो, डग्गा त्याच भागात, आणि लांब फळ्या पण नेमक्या ह्याच भागात घुमतात. म्हणून आपलं संगीत ऐकणाऱ्यांनी ह्याकडे जास्त लक्ष द्यावं असं मला वाटतं, आपल्याकडे तानपुरा अख्खा वेळ चालू असतो, हे घुमणं लपवायला मागे ऑर्केस्ट्रा नसतो.

पायांनी सगळं सुटतं असं मी म्हणत नाही. आवाज हवेतून पण येतो, प्लेयरचं प्लास्टिकचं झाकण हा आवाजानं थरथरणारा एक मोठा पडदाच आहे, ते वाजवताना काढून बाजूला ठेवून ऐका आणि बंद करून ऐका, ज्यात बरं वाटतं ते ठेवा. आणि टोकदार खिळ्यासारखे पाय विकतात, त्यांच्याबद्दल सांगतात की थरथर वरून खाली निघून जाते आणि खालून वर येत नाही. असं एकाच दिशेनं काही होत नाही. टोकदार पायानं प्लेयर जमिनीला घट्ट बांधला जातो, जमीन भक्कम असेल तर ते बरं, जमीन हलत असेल तर तिचा हादरा जास्त नीट वर येतो. स्पीकर स्टँडला वापरा हवं तर. प्लेयरखाली घालायला पाच आकडी पैसे मागत असतील तर आधी ती बंद तबकडीची टकटक दुकानातच करून दाखवायला सांगा, जुन्या पायांवर आणि नव्या पायांवर.

तेव्हा विनंती एवढीच, पुढच्या वेळी ह्या विषयावर छापाल तेव्हा ते शोकेसचं वाक्य दुरुस्त करा. आणि जमलं तर मिरजेच्या तानपुरा बनवणाऱ्या कारागिरांकडे तुमचा माणूस पाठवून विचारा की ते जवारी लावताना तानपुरा कशावर टेकवतात. मला ते छापून आलेलं वाचायला फार आवडेल.

आपला,
एक जुना वाचक, कोथरूड, पुणे